पिवळा काठ

“विंडो एकटीच असली, तर तिला बॉर्डर लागत नाय.”

तमीम असं एकदा म्हणाला होता. पेणमधल्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये, दुपारच्या सामसुमीत, हैबतरावांनी विचारलं होतं म्हणून. तिथल्या कॉम्प्युटरवर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी उघडे असले की ज्यात टायपिंग चालू असेल त्याच्या चारी बाजूंना पिवळा काठ दिसायचा आणि दुसऱ्याला करडा. एक रिपोर्ट बंद केला की उरलेल्याचा काठ पुसून जायचा. हैबतरावांना ते खटकलं होतं.

“का रे बाबा, एकट्यानं काय गुन्हा केला?”

“गुन्हा कसला, काका. काठ असतो कशाला? चालू कुठलं ते कळायला. दुसरं कोण नायच, तर काय कळवायचं?”

“बराय,” हैबतराव म्हणाले. “एकट्याला कुंपण नको. चोर येत नाय नि पावणाही येत नाय.”

स्वतःच्याच बोलण्यावर ते इतके मोठ्याने हसले की बाकावर बाही वर करून बसलेली बाई दचकली. तमीमही हसला. एकट्या विंडोचा काठ काढून टाकायचा हे त्यानेच ठरवलं होतं आणि त्यासाठी लागणाऱ्या ओळीही त्यानेच लिहिल्या होत्या. ते मात्र त्याने सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायची त्याला सवय नव्हती, कारण आजवर कुणी विचारल्या नव्हत्या.

तो अष्टमी गावचा. रोह्याकडून कुंडलिकेचा पूल उतरलं की दुकानं लागतात, दुकानांच्या मागे गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला त्याचं घर. दोन मजले, सहा खोल्या, माणूस एक. वडलांची उमेदीची सगळी वर्षं कुवेतमध्ये गेली. ते वर्षातून एकदा दोन सुटकेसी घेऊन यायचे आणि सुटकेसी रिकाम्या होईपर्यंत थांबायचे. मोठी बहीण सायरा लग्न करून शारजाला गेली. मग तमीम दोह्याला गेला. रोह्याहून दोह्याला, अशी गल्लीत थट्टा झाली, ती पंधरा दिवस पुरली. त्यानंतर सहा वर्षं त्याची कुणी आठवण काढली असेल तर ती अम्मीने.

दोह्यात तो एका गोदामात मालाची नोंद ठेवायचा. राहायला एका खोलीत सहा खाटा. त्याच्याकडे एक जुना लॅपटॉप होता, इतका जुना की त्यावर धड काही चालत नसे. खोलीतल्या एका मल्याळी मुलाने त्याला एक हलकी सिस्टिम टाकून दिली. तिच्यात एक छोटा प्रोग्राम होता. त्याचं काम एवढंच, की पडद्यावर उघडलेल्या विंडो कुठे बसवायच्या, किती मोठ्या करायच्या आणि त्यांना काठ कसा द्यायचा. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. जगात कुठे कुठे बसलेली दहाबारा माणसं तो फावल्या वेळात फुकट लिहीत होती, आणि त्याचं आतलं सगळं लिखाण कुणालाही वाचायला उघडं होतं.

एका शुक्रवारी दुपारी जेवून बाकीचे पाचजण झोपले असताना तमीमच्या लक्षात आलं की विंडोचा उजवा काठ डाव्यापेक्षा एका ठिपक्याने जाड आहे. एक ठिपका, म्हणजे मोहरीचे चार भाग केले तर त्यातला एक. पण एकदा दिसल्यावर तो दिसायचा थांबेना. तमीमने ते लिखाण उघडलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तीन शुक्रवार गेले, चौथ्या शुक्रवारी त्याला ती ओळ सापडली आणि त्याने दुरुस्ती पाठवून दिली. दोन दिवसांनी उत्तर आलं. इंग्रजीत दोन शब्द होते, की आभार, घेतली. त्याने मोबाइलवर त्या उत्तराचा फोटो काढला. दाखवायला कुणी नव्हतं, तरी काढला.

पुढे काठांचं काम हळूहळू त्याच्याच गळ्यात पडलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. त्या दहाबारा जणांत त्याची ओळख म्हणजे पाच रोमन अक्षरं. त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता आणि त्याने कुणाचा पाहिला नव्हता. त्यांच्यातलं एखादं नाव कधी सहा महिने दिसायचं नाही. आजारी आहे, कंटाळलं आहे की मेलं आहे, कळायला मार्ग नसायचा.

वडील गेले, अम्मी एकटी पडली, तिच्या किडन्या बिघडल्या, तेव्हा तमीम परत आला. धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्याला मीटर आणि गेज सांभाळायचं काम मिळालं. शिफ्ट संपवून घरी आला की अम्मीला जेवू घालायचा आणि तिच्या खाटेशेजारी लॅपटॉप उघडायचा.

“काय करतंस रे एवढा?” अम्मी विचारायची.

“काठ सरळ करतो, अम्मी.”

“बरा. कर.” तिला ते शिवणकामासारखं काहीतरी वाटत असावं. ती मान डोलवायची आणि डोळे मिटायची.

सायराने विचारलं तेव्हा मात्र अडचण झाली. तिने एका स्थळासाठी शारजाहून फोन केला होता.

“मुरूडची माणसं हायत, चांगली. मुलगा काय करतो म्हणून विचारतात.”

“कंपनीत हाय सांग, आपा.”

“ते सांगितलं. घरी आल्यावर काय करतो, तेपण विचारतात.”

“सांग, काय वाईट करत नाय.”

“असं सांगितल्यावर कोण मुलगी देईल?” सायरा म्हणाली, आणि दोघं हसली. स्थळ तिथेच राहिलं.

अम्मीच्या किडनीचे डॉक्टर पेणला बसत. दर पंधरा दिवसांनी तिचं रक्त वैशाली मॅडमच्या लॅबमध्ये द्यावं लागे. एकदा तो गेला तेव्हा लॅबचे तिन्ही कॉम्प्युटर आडवे झालेले होते, बाकावर वीस माणसं खोळंबली होती आणि मॅडम फोनवर कुणावर तरी ओरडत होत्या. तमीमने बॅगेतून पेन ड्राइव्ह काढला. चार तासांनी ती जुनी यंत्रं त्याच्या हलक्या सिस्टिमवर चालू झाली. मॅडमनी पैसे विचारले, तर तो म्हणाला, अम्मीचा नंबर जरा लवकर लावत जा.

अम्मी गेली त्याला आता अडीच वर्षं झाली. तरी दर बुधवारी सुट्टीच्या दिवशी तो रोह्याहून एसटी पकडून पेणला यायचाच. यंत्रं साफ करायची, काही नवं असलं तर घालायचं, असं निमित्त असे. खरं म्हणजे जगात त्या तीन पडद्यांवरच त्याने लिहिलेले काठ कुणीतरी वापरताना त्याला डोळ्यांनी बघता येत होतं, आणि वापरणारा माणूस त्याच्याशी बोलत होता. आठवड्यातून एक दिवस कुणीतरी त्याला ‘आलास?’ असं विचारायचं.

तो माणूस म्हणजे हैबतराव. वय चौसष्ट. तरुणपणी पेणच्या टायपिंग क्लासमध्ये लोखंडी मशीनवर शिकलेले. आधी कोर्टाबाहेर अर्ज टाइप करायचे, मग एका डॉक्टरकडे, मग इथे. त्यांची बोटं कीबोर्डवर पडायला लागली की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज व्हायचा. ते पडद्याकडे फारसं बघायचेच नाहीत. त्यांची नजर डाव्या बाजूच्या हस्तलिखित चिठ्ठीवर असायची, आणि मधूनच एकदा पडद्यावर पिवळा काठ कुठे आहे तेवढा ते पाहून घ्यायचे. तो काठ त्यांच्याचसाठी तमीमने बोटभर जाड केला होता. “लुगड्याला असतो तसा,” ते म्हणाले होते, आणि तेव्हापासून तमीमही बॉर्डर म्हणायचं सोडून काठच म्हणायला लागला.

त्यांची कामाची एक जुनी रीत होती. खाडीकडच्या गावांतून माणसं एकेकटी येत नाहीत. टेम्पो करून अख्खं घर येतं आणि सगळी मिळून रक्त देतात. कागदाच्या काळात हैबतराव एका घरचे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून लिहायचे, म्हणजे घर फुटत नाही असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटर आल्यावरही त्यांनी ती रीत सोडली नाही. एका घरचे दोन रिपोर्ट ते नेहमी शेजारी उघडायचे. एक जरा मोठा करून नजरेखालून घालायचा, परत लहान करायचा, की लगेच दुसऱ्यावर.

चूक झाली ती अशाच एका दिवशी. खाडीपलीकडच्या मिठागरावरचं एक घर आलं होतं. मालू नावाची सव्वीस वर्षांची सून आणि तिची सासू, दोघींचे रिपोर्ट शेजारी होते. सासूची साखर दोनशे शहाऐंशी होती, सुनेची अठ्ठ्याऐंशी. छापून बाहेर आले तेव्हा दोन्ही कागदांवर दोनशे शहाऐंशी होतं. गावाकडे कुणीतरी तो कागद बघून मालूला साखर उतरवायच्या गोळ्या चालू केल्या. चौथ्या दिवशी मिठागराच्या बांधावर ती डोक्यावरच्या पाटीसकट खाली पडली. पेणला आणलं, सलाइन लावली, वाचली. पण कपाळाला सात टाके पडले, आणि तिचा दीर दोन्ही कागद घेऊन लॅबमध्ये येऊन उभा राहिला.

वैशाली मॅडमनी तमीमला फोन केला. तो कामावर होता. “खरं सांग, मशीन असं करू शकतं? एकाचा आकडा दुसऱ्यात?”

“नाय मॅडम,” तमीम म्हणाला. “मशीन असं करत नाय.”

हे सांगायला त्याला एक क्षणही लागला नाही. आपल्या मुलावर कुणी चोरीचा आळ घ्यावा आणि बापाने विचार न करता नाही म्हणावं, तसं ते तोंडून गेलं.

बुधवारी तो आला तेव्हा हैबतराव ड्रॉवर रिकामा करत होते. मॅडम त्यांना रागावल्या नव्हत्या. काही दिवस घरी विश्रांती घ्या, एवढंच म्हणाल्या होत्या. त्याचा अर्थ लॅबमधल्या सगळ्यांना कळला होता.

“माझंच चुकलं रे,” हैबतराव चष्म्याचं घर, सुपारीची डबी, कंगवा असं एकेक पिशवीत टाकत म्हणाले. “डोळे गेले माझे. दुसरं काय? कुणाच्या तरी पोरीच्या जिवावर आलं होतं.”

“असं नाय, काका.”

“असंच हाय. पण एक सांगू? मी काठ बघूनच टाइप केलं. उजवीकडं होता. पिवळा, उजवीकडं. शपथ घेऊन सांगतो.” मग ते थांबले, आणि स्वतःशीच म्हणाले, “म्हणजे बघ, आता रंगपण खोटे दिसायला लागले.”

तमीमने त्या दिवशी ते रिपोर्ट पन्नास वेळा शेजारी उघडून पाहिले. मोठे केले, लहान केले, इकडून तिकडे गेला. काठ दर वेळी जिथे असायला हवा तिथेच होता. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही. तरी निघताना त्याने यंत्रातली घटनांची नोंद पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. कुठली विंडो कधी मोठी झाली, कधी लहान, कधी चालू, हे ती नोंद क्षणाक्षणाचा हिशेब ठेवून लिहून ठेवते.

पुढचा बुधवार नऊ तारखेला होता. त्या दिवशी तो पेणला गेला नाही. सकाळपासून अष्टमीच्या घरात वरच्या खोलीत बसून त्याने ती नोंद वाचली. खाली गल्लीत कांदेबटाट्याची गाडी ओरडत गेली, दुपारची बांग झाली, शेजारच्या घरात कुणीतरी लसूण ठेचत होतं. दोनच्या सुमाराला त्याला त्या दोन ओळी दिसल्या. मालूचा रिपोर्ट लहान कर, हा एक हुकूम. सासूच्या रिपोर्टवर जा, हा दुसरा. दोन्हींच्या मधे वेळ किती? सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले तीन.

इतक्या झपाट्याने दोन कळा कोण दाबतं? लोखंडी मशीनवर घडलेली बोटं दाबतात. तमीमची बोटं संथ होती. त्याने पन्नास काय, पाचशे वेळा करून पाहिलं असतं तरी हे घडलं नसतं.

त्याने त्याच वेगाने दोन हुकूम देणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि चालवला. डावी विंडो लहान झाली. काठ पिवळा झाला तो उजवीकडचा. मग डाव्या विंडोचं लहान होणं पुरं झालं, आणि पुरं होता होता तिने टायपिंग गुपचूप परत आपल्याकडे ओढून घेतलं. काठ उजवीकडेच राहिला. तमीमने हलकेच तीन आकडे दाबले. पिवळा काठ उजवीकडे चमकत होता आणि आकडे डावीकडे पडत होते.

हैबतरावांनी सासूची साखर टाइप केली होती, ती सुनेच्या रिपोर्टात अठ्ठ्याऐंशी पुसून तिथे बसली होती. सासूची जागा रिकामी दिसल्यावर त्यांना वाटलं असणार की कळ नीट बसली नाही. त्यांनी ती पुन्हा दाबली, आकडा पुन्हा टाइप केला, आणि दोन्ही कागद छापायला सोडले. त्यांचे डोळे चांगले होते. काठ खोटं बोलला होता.

कुठली ओळ कुणी लिहिली, हे दाखवणारी एक आज्ञा असते. तमीमने ती दिली नसती तरी चाललं असतं, पण दिली. चुकीच्या सहा ओळी होत्या. सहाही ओळींसमोर तीच पाच रोमन अक्षरं होती.

त्याच वेळी फोन उचलायला हवा होता. फोन समोरच होता. पण धाटावच्या कंपनीत पहिल्या दिवसापासून त्याला एक गोष्ट शिकवली होती, की साहेबाकडे बिघाड घेऊन जायचं नाही, दुरुस्ती घेऊन जायचं. आधी काठ दुरुस्त करतो, मग सांगतो, असं त्याने मनाशी ठरवलं. दोन दिवसांचं तर काम, असं वाटलं. दुरुस्ती लिहून त्याने त्या दहाबारा जणांकडे पाठवली. तीन दिवसांनी एकाचं उत्तर आलं. आमच्याकडे असं होत नाही, इतक्या वेगाने कोण टाइप करतं? तमीमने लिहिलं, की पेणचे एक गृहस्थ करतात. मग ते खोडलं आणि नुसती नोंद जोडून पाठवली.

सोळा तारखेला तो पेणला गेला. हैबतरावांच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. मॅडम स्वतःच रिपोर्ट टाइप करत होत्या, दोन बोटांनी, एका वेळी एकच रिपोर्ट उघडून. एकच उघडा असल्यामुळे काठ दिसत नव्हता. त्या पद्धतीने घोळ व्हायचा धोकाही नव्हता, हे तमीमने पाहिलं आणि तेवढ्यावर स्वतःची समजूत घातली. तो तासभर यंत्रावरची धूळ पुसत बसला. तो आला कधी आणि गेला कधी, कुणाला कळलं नाही.

सतराला संध्याकाळी कंपनीच्या गेटबाहेर बसची वाट बघत असताना हैबतरावांचा फोन आला.

“तमीम, कुठं हायस रे? ऐक, डोळ्यांच्या कॅम्पात नाव दिलं मी. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून टाकतो. वीस तारखेला.”

“ऑपरेशन?” तमीम म्हणाला. “मोतीबिंदू पिकलाय काय?”

“पिकला नाय म्हणतात. डॉक्टर म्हणाले, आजोबा, वर्ष दोन वर्षं थांबलात तरी चालतंय. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला ठाऊक नाय. मला उजवीकडचं डावीकडं दिसतं. करूनच टाका. मग मॅडमना तोंड दाखवता येईल.”

शिफ्ट सुटली होती. मोटरसायकली एकामागून एक निघत होत्या, कुणीतरी तमीमच्या नावाने हाका मारत होतं, बस आली होती.

“ऐकतोस काय?”

“व्हय, काका.”

“मग, करू ना?”

यावर एकच वाक्य बोलायचं होतं. ते तयार होतं, आठ दिवस तयार होतं. पण त्याच्या पुढे लगेच दुसरं वाक्य येत होतं, की ते मी लिहिलं होतं, आणि तिसरं, की मॅडमनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. मग बुधवार उरला नसता. मग पेणची एसटी पकडायला कारण उरलं नसतं. हे सगळं त्याच्या मनातून, कंडक्टर दार बडवेपर्यंतच्या वेळात गेलं.

“तुम्हाला बरं वाटेल तसं करा, काका,” तो म्हणाला, आणि बसमध्ये चढला.

वीस तारीख गेली. तेवीस तारखेच्या बुधवारी तो घरातच राहिला. बुरशी आलेला पाव फेकला, अम्मीच्या खोलीतली खिडकी उघडली, पुन्हा लावली. सव्वीसला दुरुस्ती मान्य झाल्याचं उत्तर आलं. या वेळीही दोनच शब्द होते. त्याने फोटो काढला नाही.

तीस तारखेला पहिल्या एसटीने तो निघाला. वडखळला गाडी अर्धा तास खोळंबली तेव्हा उतरून घरी परतावं असं त्याला एकदा वाटून गेलं. लॅब उघडत होती तेव्हा तो पायरीवर होता. दोन यंत्रांवर त्याने दुरुस्ती चढवली, मग मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन उभ्या उभ्या सगळं सांगितलं. किती तारखेला सापडलं, तेवढं सोडून.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे काकांची चूक नव्हती?”

“नव्हती.”

“मी तुला फोनवर विचारलं होतं, तमीम.”

“व्हय.”

मॅडमनी हैबतरावांना फोन लावला आणि रिक्षा करून या म्हणाल्या.

हैबतराव आले ते काळा चष्मा लावून, एका हाताने भिंत चाचपत. ऑपरेशननंतर उजव्या डोळ्याला सूज धरली होती, आणि उजेडाने डावाही उघडत नव्हता. अजून धुकंच आहे, ते म्हणाले, बसेल म्हणतात हळूहळू. तमीमने तिसऱ्या यंत्रावर मुद्दाम जुना प्रोग्राम ठेवला होता. दोन खोटे रिपोर्ट शेजारी उघडून त्याने हैबतरावांना खुर्चीवर बसवलं.

“नेहमीसारखं करा, काका. डावं लहान करा नि उजव्यावर जा.”

“दिसत नाय रे मला.”

“दिसायची गरज नाय. बोटांना ठाऊक हाय.”

हैबतरावांनी अंगठा कळीवर ठेवला. दोन बोटं एकापाठोपाठ पडली, दोन नव्हे, एकच आवाज आला. मग त्यांनी आकडे मारले. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी श्वास आत ओढला.

“काय झालं? मला सांगा कोणीतरी!”

“काठ उजवीकडे आहे, काका,” मॅडम हळू म्हणाल्या. “आणि आकडे डावीकडे पडलेत.”

“म्हणजे तेव्हापण…”

“तेव्हापण असंच झालं,” तमीम म्हणाला. “तुमची बोटं लवकर पोचली. माझा प्रोग्राम मागं राहिला. तो मी लिहिलेला.”

हैबतरावांनी मांडीवर थाप मारली. “अरे तिच्या! म्हणजे डोळे नव्हते गेले माझे!” ते खुर्चीसकट बाकाकडे वळले. तिथे रक्त द्यायला आलेली चारपाच माणसं होती. “ऐकलंत? मशीन माझ्या बोटांना पुरं पडलं नाय! चौसष्ट वर्षांचा मी! क्लासात आमचे सर म्हणायचे, हैबत्या, तू एक दिवस मशीन मोडशील. आज मोडलं बघा.”

बाकावरचा एक म्हातारा उगीचच हसला. मॅडमही हसल्या आणि उद्यापासून या म्हणाल्या, डोळा बरा होईपर्यंत नुसते बसा. हैबतरावांनी हवेत हात पुढे करून तमीमचा दंड शोधला आणि धरला.

“कधी पकडलीस रे ही चोरी? रात्रंदिवस बसला असशील.”

तमीमला खोटं बोलता आलं असतं. काल, असं म्हटलं असतं तर कुणी नोंद तपासायला जाणार नव्हतं.

“नऊ तारखेला,” तो म्हणाला.

“नऊ,” हैबतराव कौतुकाने म्हणाले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. वीज गेल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तसं ते राहिलं. मग दंडावरची पकड सैल झाली. त्यांचा अंगठा दुसऱ्या बोटांच्या पेरांवरून एकेक करत सरकला, आणि थांबला.

“मी तुला फोन केला तो सतराला,” ते म्हणाले. “तू कंपनीच्या गेटवर होतास. बस आली होती.”

आतल्या खोलीत रक्त घुसळणारं यंत्र घरघरत होतं.

“तेव्हा तुला ठाऊक होतं?”

त्यांनी हे रागाने विचारलं नाही. बाकावरच्या माणसांना नाव, वय, उपाशी आहात का विचारायचे, त्याच आवाजात विचारलं, आणि काळ्या चष्म्याचं तोंड तमीमच्या आवाजाच्या दिशेला धरून वाट बघत राहिले.

तमीमने पेन ड्राइव्ह काढला, टोपण लावलं आणि बॅगेत टाकला. बॅगेची चेन अर्ध्यावर अडकली, ती त्याने तशीच सोडली. मॅडमनी त्याचं नाव घेतलं. तो बाकाला वळसा घालून, वर केलेल्या बाह्या आणि कापसाचे बोळे धरलेले हात ओलांडून दारापर्यंत गेला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडला.